जावयाचा रस्ता

त्या रस्त्याला सरळ जायचं कधी कोणी शिकवलंच नव्हतं. मोठ्या गावातून निघाला की टेकडीला वळसा घालायचा, ओढ्याशी उतरायचा, दम खात पुन्हा वर चढायचा, आणि मग या गावात शिरून शिंप्याच्या दारावरून पुलाकडे जायचा. शाळेतले मास्तर म्हणायचे, हा राज्य महामार्ग आहे, याला नंबर आहे. असेल बापडा. पण नंबर पडायच्या कितीतरी आधी तो बैलांनी आखला होता. बैलाला पाणी लागतं. तो एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंत जातो आणि मधे चढ आला तर टाळतो. बैलांच्या मागून गाड्या गेल्या, आणि एका वाईट सालात, पोटाला काम हवं म्हणून, गाड्यांच्या चाकोरीत खडी पडली.

ती खडी गावातल्या बायांनीच फोडली. शिंप्याची आई त्यात होती. तिच्या डाव्या हाताचं एक बोट हातोड्याखाली गेलं. पुढे म्हातारपणी ती भर रस्त्याच्या मधोमध चालायची, आणि गाडीवाल्यानं ओरडून बाजूला हो म्हटलं की चार बोटांचा पंजा त्याच्यापुढे नाचवायची. "पाचवं खाली पुरलंय बाबा! तूच जा की बाजूनं!" गाडीवाले जायचे बाजूनं. करतात काय?

खडीवर मुरूम आला, मुरुमावर डांबर. डांबर उखडलं की त्यावर पुन्हा डांबर. जे आलं ते वरून आलं. खालचं काढायची बुद्धी कोणाला झाली नाही. शिंप्याच्या बापानं घर बांधलं तेव्हा तीन पायऱ्या चढून ओट्यावर यावं लागायचं. रस्ता चढत गेला आणि पायऱ्या एकेक करून पोटात घालत गेला. शेवटची पायरी गेली त्याच सालात शिंप्यानं लेकीचं लग्न केलं, म्हणून त्या पायरीचं दुःख करायला कोणाला सवड झाली नाही. आता ओटा आणि रस्ता एका पातळीत होते. नवखा सायकलवाला वळणावर चुकला तर थेट शिवणयंत्राशी येऊन थांबायचा, आणि शिंपी चष्म्यावरून बघून विचारायचा, "सदरा की पँट?" गेल्या पावसाळ्यात रस्त्याचं पाणी उंबऱ्यापर्यंत आलं, उंबऱ्याला शिवलं आणि परत गेलं.

आता वर आणखी एक थर पडणार होता. पावसाच्या आत काम उरकायचं म्हणून माणसं घाईत होती. टेकडीकडून काळा पट्टा रोज थोडा थोडा पुढे सरकत होता, आणि त्या पट्ट्याबरोबर चाकांवरच्या पत्र्याच्या खोलीत बसून शिंप्याची लेक माहेरी येत होती.

कामावरची माणसं तिला रोलरवाली म्हणायची, कारण नवरा रोलर चालवायचा. ठेकेदारानं दिलेली पत्र्याची खोली म्हणजे तिचा संसार. रस्ता पुढे गेला की ट्रॅक्टर खोलीला जुंपायचा, आणि भांडी कपड्यांत गुंडाळून ठेवायची, नाहीतर वाटेत सगळी कटकट करून भांडायची. दिवसभर ती इतर बायांबरोबर रस्ता झाडायची. डांबर फवारण्याआधी जुना रस्ता कसा स्वच्छ लागतो. धूळ राहिली तर नवा थर धरत नाही. तारेचा ब्रश, मग खराटा, मग फडकं. नाकातोंडात धूळ जायची ती जायचीच. नखांत डांबर बसायचं ते रॉकेलनं घासलं तरी पुरतं निघायचं नाही.

माहेरी यातलं काही ठाऊक नव्हतं. माहेरी तिचा नवरा साहेब होता.

हे कसं झालं तेही ऐका. मागचा थर पडला तेव्हा रोलर शिंप्याच्या दारासमोर मुक्कामाला होता. शिंपी ओट्यावर बसून दिवसभर बघायचा. ते एवढं धूड, त्याच्यावर उंच बसलेला तो तरणाताठा माणूस. त्यानं नुसता हात वर केला की बस थांबायची, ट्रक थांबायचे, जीपमधला कोट घातलेला माणूससुद्धा थांबायचा. पुढे तोच, मागे तोच. बाकीची पायलीची पन्नास माणसं खाली, घमेली घेऊन. शिंप्याला वाटलं, सगळ्यात मोठ्या यंत्रावर बसलेला तो सगळ्यात मोठा. यात शिंप्याचं काय चुकलं? त्याच्या धंद्यात तरी यंत्रावर मालकच बसतो आणि काजं-बटणं करणारे खाली बसतात.

एक दिवस तो माणूस फाटलेला सदरा घेऊन आला. शिंप्यानं अदबीनं विचारलं, "रस्ता कुठून न्यायचा ते तुम्हीच बघता का?"

"पुढे मीच असतो," तो म्हणाला.

खोटं नव्हतं. पुढे तोच असायचा. तो एवढंच बोलला, आणि पुढचं शिंप्यानं स्वतःच शिवून घेतलं. लोक स्थळ बघतात, घर बघतात. शिंप्यानं यंत्र बघून मुलगी दिली.

लेकीला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं की नवरा रोजावरचा ड्रायव्हर आहे, मुकादमानं हाक म्हटलं की हाकतो, थांब म्हटलं की थांबतो. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, हात उगारणं नाही, ती आजारी पडली तर स्वतः चूल पेटवायचा. तिनं त्याला पत्करलं. पण माहेरी गेल्यावर बाबा "जावईबापू, जावईबापू" करत पुढे धावायचे, आई नवी चादर काढायची, त्याला उठून पाण्याचा तांब्यासुद्धा घेऊ द्यायची नाही, आणि शेजारच्या बाया दारातून वाकून बघायच्या. तेव्हा खरं सांगायला तिची जीभ रेटली नाही. दुसऱ्या वेळीही रेटली नाही. मग तर वेळच निघून गेली. झाकली मूठ सव्वा लाखाची; ती मूठ नवऱ्यानं एकट्यानं झाकली नव्हती, वरून तिचाही हात होता.

पत्र्याची खोली गावाबाहेर ओढ्यापाशी लागली त्या दिवशी तिनं मुकादमाला सांगितलं, "अंगात कणकण आहे. गावातलं झाडायला मी येणार नाही."

मुकादम पोट सुटलेला, कायम घाम पुसणारा माणूस. त्यानं तिच्याकडे बघितलं. "माहेर आलं वाटतं."

 दारातून बापाला लेक खराटा घेऊन वाकलेली दिसावी, हे तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

दुपारी ती नवऱ्याला घेऊन घरी गेली. शिंप्यानं यंत्रावरचा अर्धा शिवलेला गणवेश बाजूला ठेवला. खुर्ची पुसली, वर अभ्र्याची उशी ठेवली. जावई बसला. बसताना तो पाय नेहमी जरा जास्तच लांब पसरायचा. तिला ते दर वेळी दिसायचं आणि दर वेळी ती दुसरीकडे बघायची.

जेवताना शिंप्यानं विषय काढला. गळ्यातली टेप त्यानं जेवायलासुद्धा काढली नव्हती.

"जावईबापू, तुम्हाला सांगावं असं नाही. तुम्ही जाणकार. पण आमच्यात कापडाची एक रीत आहे. ठिगळावर ठिगळ लावत नाहीत. आधीचं उसवतात, मग नवं लावतात. तसं रस्त्याचं करा ना. जुना थर खरवडून काढा आणि मग नवा घाला. सगळ्या गावाला नाही जमलं तर निदान माझ्या दारापुरतं."

"बघू," जावई म्हणाला.

"आता उंबरा आणि रस्ता एक झालाय. आणखी चार बोटं चढला की पावसाचं पाणी सरळ चुलीत. भिंत मातीच्या गाऱ्यातली आहे, एकदा खालून भिजली की बसलीच म्हणून समजा. आम्ही दोघं म्हातारी माणसं, या वयात कुठे जायचं?"

"काळजी करू नका. मी आहे ना."

झालं! लेकीच्या घशात घास अडकला. आई तिला पाणी द्यायला वाकली आणि तिच्या नखांकडे बघत राहिली. "रंगकाम केलंस का गं?" तिनं विचारलं.

"हो, खोलीला रंग दिला."

"काळा?"

लेक पाणी प्यायली. 

ओढ्याकडे परत जाताना ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, काय म्हणून 'मी आहे' म्हणालात? तुम्ही काय करणार आहात?"

"मुकादमाला सांगून बघतो."

"तो ऐकतो का तुमचं? मागच्या महिन्यात चहाला दोन मिनिटं जास्त लागली तर सगळ्यांसमोर आईवरून बोलला."

त्यानं वाटेतला एक खडा लाथेनं उडवला. मग म्हणाला, "इतकी वर्षं त्या घरात मानानं जेवलो. आता कोणत्या तोंडानं सांगू? आणि तू तरी कुठे बोललीस?"

 तिला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा आला.

नवऱ्यानं मुकादमाला काही विचारलं नाही, हे तिला संध्याकाळच्या आत कळलं. शेवटी तीच उठून मुकादमाकडे गेली. मुकादम डांबराच्या पिंपावर बसून पाय चोळत होता.

"मुकादमदादा, गावात वळणावर शिंप्याचं घर आहे. तिथे थोडा जुना थर काढता आला तर…"

"खरवडायचं मशीन वेगळं येतं. ते या कामात नाही."

"मग दारासमोर एखादं गटार तरी?"

"गटारही नाही. हे बघ, मला जाडी सांगितलीय, लांबी सांगितलीय. तेवढं टाकायचं आणि पुढे जायचं. रस्ता वर येतो म्हणून प्रत्येक गावात कोणीतरी रडतंच. मी काय रस्ता खिशात घालून नेऊ?" घाम पुसून तो जरा नरमला. "घर कोणाचं आहे ते मला कळलंय. पण माझ्या हातात नाही गं ते."

तो बोलला ते खरंच होतं. ती परत आली आणि भांडी घासत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र कहर झाला. शिंपी स्वतःच कामावर आला. इस्त्रीचा सदरा, गळ्यात टेप. खडीचे डंपर उभे होते, डांबराचा धूर डोळ्यांत जात होता, आणि त्यातून वाट काढत तो थेट मुकादमापुढे उभा राहिला.

"नमस्कार. आमचे जावईबापू तुम्हाला बोललेच असतील. माझ्या दारासमोर कसं करायचं ते त्यांच्या सल्ल्यानं घ्या."

मुकादमाला आधी कळेना. "कोण जावईबापू?"

शिंप्यानं अभिमानानं रोलरकडे बोट केलं. जावई रोलरच्या ड्रमवर पाणी ओतत होता. त्याच्या हातातली बादली तिथेच राहिली.

रोलरवाली खोलीच्या दारात उभी होती. मुकादमाच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उलगडत गेलेली तिला लांबूनसुद्धा दिसली. आता हा फाडकन बोलणार, असं तिला वाटलं. तिनं डोळे मिटून घेतले. पण मुकादमाला चेष्टेची हुक्की आली.

"अरे बापरे! साहेबांचे सासरे का तुम्ही? आधी सांगायचं नाही का! ए, खुर्ची आणा रे! पिंप आणा!" आणि रोलरकडे वळून कपाळाला हात लावत, "साहेब, काय हुकूम?"

खडी पसरणारी माणसं हसायला लागली. एकजण म्हणाला, "साहेब, घमेलं उचलू का? परवानगी आहे का?" दुसऱ्यानं जावयाच्या हातातली बादली काढून घेतली. "साहेबांनी पाणी ओतायचं म्हणजे काय! आम्ही मेलो का?" झाडणाऱ्या बाया तोंडाला फडकं लावून खिदळत होत्या.

जावई खाली मान घालून उभा. आणि शिंपी? शिंप्याला यातली चेष्टा कळलीच नाही. तो पिंपावर ताठ बसला, सगळीकडे बघून मान डोलावत राहिला. जावयाला माणसं किती मानतात ते आज त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं. त्याचे डोळे भरून आले. रोलरवालीनं ते बघितलं आणि तिला वाटलं, यापेक्षा मुकादमानं तोंडात मारली असती तर बरं झालं असतं.

"बघा हं साहेब," मुकादम शेवटी डोळे पुसत म्हणाला, "सासऱ्यांच्या दारासमोर काम चोख झालं पाहिजे."

हरभऱ्याच्या झाडावर चढवलेल्या माणसाला खाली उतरायची एकच वाट असते, आणि ती बरी नसते.

दुपारपर्यंत पट्टा शिंप्याच्या वळणावर आला. मुकादम पुलाकडे अडकलेल्या डंपरवर ओरडायला गेला होता. जाताना नेहमीचं बजावून गेला, "गावात बटण बंद. घरं जुनी आहेत." त्या वर्षीच्या नव्या रोलरला एक बटण होतं. ते लावलं की लोखंडी ड्रम आतून थरथरायचा, आणि नुसत्या वजनानं बसणार नाही इतकी खडी घट्ट बसायची. मोकळ्या रानात ते लावायचं, वस्तीत नाही.

गरम खडी पसरून झाली. काळा, वाफाळता थर शिंप्याच्या उंबऱ्याच्या वर चांगला पाच बोटं उंच पायरीसारखा उभा राहिला. ओट्यावरून बाहेर पडायला आता चढावं लागत होतं. शिंप्यानं टेप लावून बघितली आणि त्याचा चेहरा पडला.

"जावईबापू, हे तर…"

"बसेल खाली," जावई रोलरवरून म्हणाला. "दाबला की बसतो."

एकदा गेला, एकदा आला. थर बसला, बसायचा तेवढा. शिंप्यानं पुन्हा टेप लावली. "बसला! बोटभर बसला!" तो ओरडला. "अजून एकदा घ्या!"

अजून एकदा घेतलं. आता काही फरक पडला नाही. शिंपी वाकून वाकून बघत होता. गावातली माणसं जमली होती, शिंप्याचा जावई सासऱ्यासाठी रस्ता खाली दाबतोय हे बघायला. कोणीतरी म्हणालं, "जावई असावा तर असा."

रोलरवाली ओट्याच्या कोपऱ्यात उभी होती. तिला नवऱ्याचा चेहरा दिसत होता. सकाळपासून त्याच्या कपाळाची शीर उठलेली होती. त्यानं एकदा पुलाकडे बघितलं, मुकादम दिसत नव्हता. मग त्याचा हात खाली गेला.

तिच्या तळपायांना आधी कळलं. मग दातांना. ओटा, भिंत, शिवणयंत्राचं पायडल, डब्यातली बटणं, सगळं एकदम थरथरायला लागलं. बटणांचा डबा सरकत सरकत कडेला गेला आणि खाली पडला. "अहो! बंद करा!" ती ओरडली. त्या आवाजात तिचं तिलाच ऐकू आलं नाही.

"उतरतोय! उतरतोय!" शिंपी टेप धरून लहान मुलासारखा नाचत होता. "दाबा! अजून दाबा!"

रोलर पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. आतून आई काहीतरी ओरडत होती. फळीवरची भांडी पडत होती. रोलरवाली आत धावली. आई चुलीपाशी पडलेली पातेली गोळा करत होती, त्यांचं काय सोनं होतं कोण जाणे. तिनं आईला दंडाला धरून ओढलं. "चल बाहेर!" "अगं दूध!" "मरू दे दूध!" आणि आईला अक्षरशः उचलून तिनं मागच्या दारानं बाहेर काढलं.

पुढची भिंत पडताना फार मोठा आवाज झाला नाही. आधी मधोमध पोट आल्यासारखी फुगली, मग दमलेला माणूस खाली बसतो तशी बसली. माती, विटा, दाराची चौकट, सगळं ओट्यावर आणि शिवणयंत्रावर आलं. धुळीत काही दिसेना. रोलर थांबला.

कोणाला लागलं नव्हतं, हे नशीब. शिंपी रस्त्यावर उभा होता. टेप हातात तशीच लोंबत होती. रस्ता किती उतरला ते आता कोणी विचारत नव्हतं. घर पुढून उघडं पडलं होतं. चूल, खुंटीवरचे कपडे, भिंतीकडेची घडी घातलेली गादी, सगळं येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत होतं. पलीकडे अडवून धरलेल्या बसमधली माणसं खिडकीतून माना काढून घरात बघत होती.

करायला गेला एक आणि झालं भलतंच. पुलाकडून मुकादम धापा टाकत आला.

"बटण कोणी लावलं?"

जावई रोलरवरच बसून होता. 

शिंपी पुढे झाला. "मी सांगितलं त्यांना. चूक माझी. त्यांना काही बोलू नका, ते अधिकारी माणूस आहेत."

या वेळी कोणी हसलं नाही. मुकादमानं पडलेल्या भिंतीकडे बघितलं, मग शिंप्याकडे.  तो हळू आवाजात म्हणाला, "दादा, कसला अधिकारी? ड्रायव्हर आहे तो. रोजावरचा. मी सांगतो तेवढं हाकतो."

"सकाळी तुम्हीच तर साहेब म्हणालात."

"थट्टा केली हो. चुकलं माझं."

शिंप्याला हे समजायला वेळ लागला. तो जावयाकडे बघत राहिला नाही. तो लेकीकडे वळला. ती आईला धरून घराच्या कडेनं पुढे आली होती. दोघींच्या केसांत माती.

"खरं का गं हे?"

इतकी वर्षं तिला याच प्रश्नाची धास्ती होती. रात्री झोपेत तिनं शंभर उत्तरं तयार केली होती. आता एकही आठवेना.

"हो बाबा."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून. मीही रस्ता झाडायला जाते." हात पुढे करून तिनं नखं दाखवली. एकदा बोलायला लागल्यावर काही ठेवावंसं तिला वाटेना.

शिंपी विटांच्या ढिगावर मटकन बसला.  मग आईच कडाडली. "मी तेव्हाच म्हणाले होते! साहेब माणूस फाटका सदरा घेऊन स्वतः येतो का? माणूस नाही पाठवत? पण तुम्ही माझं ऐकलंत कधी!"

"तू कधी म्हणालीस?"

"मनात म्हणाले होते!"

जमलेल्यांत कोणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. शिंपी मात्र हसला नाही. त्यानं चष्मा काढला, पुसायला सदऱ्याचं टोक धरलं, तर सदराच मातीनं भरलेला. तो तसाच चष्मा हातात धरून बसून राहिला. रोलरवालीला त्याच्याजवळ जावंसं वाटत होतं, पण पाय उचलत नव्हता. बापाला आपण इतकी वर्षं गावासमोर हसं करून ठेवलं, हे तिला आज पहिल्यांदा स्पष्ट दिसत होतं. ती रडायला लागली.

मुकादमानं जावयाला खाली उतरवलं. "दुसरा ड्रायव्हर बोलावतो. तुझी खोली रिकामी करून ठेव." मग जरा घुटमळून, "वरून विचारलं तर मला हेच सांगावं लागेल रे," असं म्हणाला आणि माणसांवर ओरडत पुढे गेला. थर गार होत होता. रस्ता कोणासाठी थांबत नाही. थोड्या वेळानं बस सुटली. खिडक्यांतली तोंडं वळून वळून बघत पुलाकडे गेली. गावातली माणसंही एकेक करून पांगली.

जावई रस्त्याच्या कडेला उभा राहिला. कुठे उभं राहावं तेच त्याला कळत नव्हतं. रोलर आता त्याचा नव्हता, पत्र्याची खोली त्याची नव्हती, आणि या घरात ज्या खुर्चीवर तो बसायचा ती विटांखाली होती. हात पुढे बांधून, मान खाली घालून तो उभा होता. शाळेबाहेर काढलेली पोरं तशी उभी राहतात.

कितीतरी वेळानं शिंपी उठला. त्यानं टेप गुंडाळून खिशात टाकली. वाकून एक वीट उचलली, उलटीपालटी करून बघितली, अख्खी होती ती बाजूला ठेवली. दुसरी उचलली, तिचे दोन तुकडे झाले, ते रस्त्याकडे टाकले. आईनं पदर खोचला. रोलरवालीही डोळे पुसून ढिगाशी बसली आणि यंत्रावरची माती हातानं लोटायला लागली. तिघंजण काम करत होती.

शिंप्यानं अख्ख्या विटांचा एक थर रचला. मग वर न बघता, आवाज जरासा चढवून तो म्हणाला, "अरे, उभा काय राहिलास खांबासारखा? घमेलं घे. माती आत टाक सगळी, जोतं वर घ्यायचंय. पावसाच्या आत भिंत उभी राहिली पाहिजे."

जावयानं मान वर केली, आणि आणखी कोणाला म्हणतोय का ते बघायला मागे वळला. मागे कोणी नव्हतं.